शरीरातील जिवाणू ‘उपयुक्त’ आहेत हे ठरते कसे?

प्रश्नाचे दोन भाग आहेत. आपल्या शरीरात राहणारे असंख्य जिवाणू आपल्या उपयोगाचे असतात असे सर्वत्र वाचायला मिळते. मग हा उपयोग शास्त्रज्ञ शोधून काढतात तरी कसा, हा पहिला भाग. मलाचा नमुना पाठवला की ‘चांगल्या’ आणि ‘वाईट’ जिवाणूंची टक्केवारी छापून देणाऱ्या चाचण्यांवर विसंबावे का, हा दुसरा. आतड्यातील जिवाणूंवर प्रयोगशाळेत काम करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि माझ्या मते या विषयातले बहुतेक गैरसमज एकाच जागी जन्म घेतात. एखादा जिवाणू शरीरात सापडला हे सांगणे आता काही दिवसांचे काम आहे. तो तेथे काही विशिष्ट काम करतो आणि त्या कामाचा आपल्याला फायदा होतो, हे दाखवायला मात्र एकेका जिवाणूमागे दहा-वीस वर्षे जातात. बातम्यांमध्ये पहिल्या प्रकारचे निष्कर्ष सर्रास दुसऱ्या प्रकारच्या भाषेत छापले जातात.

आकड्यांचा एक जुना घोळ आधी निस्तरतो. ‘शरीरात मानवी पेशींच्या दहापट जिवाणू असतात’ हे वाक्य अजूनही पाठ्यपुस्तकांत भेटते. त्याचा उगम १९७०च्या दशकातील एका ढोबळ अंदाजात आहे; संपूर्ण अन्नमार्गात मोठ्या आतड्याइतकीच जिवाणूंची दाटी असते असे त्यात गृहीत धरले होते आणि प्रत्यक्षात लहान आतड्यात व जठरात ती कितीतरी विरळ असते. २०१६ मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेतील रॉन मिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिशेब नव्याने मांडला. सत्तर किलो वजनाच्या पुरुषात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आणि सुमारे ३० लाख कोटी मानवी पेशी, असे त्यांचे उत्तर आले. म्हणजे संख्या जवळपास बरोबरीची आहे आणि सगळ्या जिवाणूंचे वजन एकत्र केले तरी ते दोनशे ग्रॅमच्या आसपास भरते. ‘दोन किलो जिवाणू’ वगैरे जे सांगितले जाते त्याला आधार नाही.

हे जीव पाहिल्याची एक सर्वांत जुनी नोंद १६८३ची आहे. लेवेनहुकने स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर खरवडून भिंगाखाली धरला आणि त्यातील हलणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. त्यानंतर दोनशे वर्षांनी, १८८५ मध्ये, थिओडोर एशेरिख या बालरोगतज्ज्ञाने तान्ह्या मुलांच्या मलातून जो जिवाणू वेगळा केला तोच पुढे ‘ई. कोलाय’ म्हणून प्रसिद्ध झाला. विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात आतड्यातला प्रमुख रहिवासी म्हणून याच जिवाणूचे नाव घेतले जाई. वास्तविक निरोगी प्रौढाच्या मोठ्या आतड्यात त्याचा वाटा अगदी किरकोळ असतो. तो ठळक दिसला, कारण तो हवेत वाढतो. बाकीच्यांपैकी बहुतेकांना ऑक्सिजन म्हणजे विष आहे. शरीराबाहेर पडल्यावर त्यांतले कित्येक काही मिनिटांतच मरतात आणि मग प्रयोगशाळेतल्या बशीत उगवून येतो तो हवेला न घाबरणारा ई. कोलाय.

या अडचणीवर रॉबर्ट हंगेट यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास गुरांच्या पोटातील जिवाणूंसाठी तोड काढली आणि आजच्या आमच्या काचपेट्या तिच्याच वंशातल्या आहेत. पेटीत नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन भरलेला असतो; चुकार ऑक्सिजन पॅलेडियमच्या साहाय्याने हायड्रोजनशी संयोग पावून पाणी होतो. पेटीला जोडलेल्या जाड रबरी हातमोज्यांत हात घालून आतले सगळे काम करायचे. पोषकद्रवात रेझाझुरिन नावाचे रंगद्रव्य घातलेले असते. ऑक्सिजन पूर्ण निघून गेला की ते रंगहीन होते आणि किंचित हवा शिरली तरी गुलाबी दिसू लागते. सकाळी आल्यावर सर्वांत आधी नळ्यांचा रंग पाहायचा, गुलाबी छटा दिसली की तो दिवस गेला असे समजायचे, ही या कामातली जुनी रीत आहे. इतके करूनही अनेक जाती उगवत नाहीत. कोणाला शेजारच्या जिवाणूने टाकलेले एखादे जीवनसत्त्व लागते, तर कोणाला आतड्याच्या श्लेष्म्यातील विशिष्ट शर्करा. तरीही ‘आतड्यातले बहुतेक जिवाणू प्रयोगशाळेत वाढूच शकत नाहीत’ हे विधान आता मागे पडले आहे. गेल्या पंधरा वर्षांत फ्रान्समधील मार्सेय आणि इंग्लंडमधील सँगर संस्था येथील गटांनी चिकाटीने शेकडो प्रकारची माध्यमे वा वेगवेगळ्या युक्त्या वापरून पूर्वी अशक्य मानलेल्या अनेक जाती वाढवून दाखवल्या.

दुसरा मार्ग जिवाणू न वाढवता त्याचा डीएनए वाचण्याचा. प्रथिने बनवणारे राइबोसोम हे यंत्र प्रत्येक जिवाणूत असते. त्याच्या एका भागाचा आराखडा ज्यात असतो ते १६एस नावाचे जनुक सुमारे १,५०० अक्षरांचे आहे. त्यातले काही पट्टे जवळजवळ सर्व जिवाणूंमध्ये सारखे असतात आणि त्यांच्या मधले नऊ पट्टे गटागणिक बदलतात. सारख्या पट्ट्यांना पकडून मधला भाग वाचला की जिवाणूचे कूळ कळते. याच रेणूची तुलना करून कार्ल वोझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये सजीवांच्या वर्गीकरणाची मांडणीच बदलली होती. २००५ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने केवळ तीन निरोगी व्यक्तींच्या आतड्यातून १३ हजारांहून अधिक १६एस जनुके वाचली. त्यांत जिवाणूंचे ३९५ प्रकार आढळले आणि बहुसंख्य प्रकार तोवर कोणी कधी वाढवलेले नव्हते. पुढे नमुन्यातला सगळाच डीएनए तुकड्या-तुकड्यांत वाचून संगणकावर जुळवण्याची पद्धत आली. युरोपच्या मेटाहिट प्रकल्पाने २०१० मध्ये १२४ व्यक्तींच्या मलातून ३३ लाख निरनिराळ्या जिवाणू-जनुकांची सूची तयार केली, जी मानवी जनुकांच्या सुमारे दीडशेपट होती.

याच टप्प्यावर वाचकाने सावध व्हावे असे मला वाटते, कारण १६एसवरून जे कळते ते कूळ, काम नव्हे. सुतार आडनावाचा माणूस सुतारकामच करत असेल असे नाही, तसेच हे आहे. ई. कोलायच्या तीन वाणांचे, म्हणजे एकाच जातीतील उपप्रकारांचे, संपूर्ण जनुकसंच २००२ मध्ये शेजारी ठेवून पाहिले गेले: एक प्रयोगशाळेतला निरुपद्रवी, एक रक्ती जुलाब घडवणारा आणि एक मूत्रमार्गाला संसर्ग करणारा. तिघांच्या एकत्रित प्रथिनांपैकी तिघांनाही समान अशी केवळ ३९ टक्के निघाली. जातीचे नाव एकच, पण निम्म्याहून अधिक सामान वेगळे. याच्या उलट बाजूचा निष्कर्ष अमेरिकेच्या मानवी मायक्रोबायोम (शरीरातील सूक्ष्मजीवांचा समुदाय) प्रकल्पाने २०१२ मध्ये मांडला. २४२ निरोगी प्रौढांच्या तोंड, त्वचा, नाक, आतडे, योनी अशा ठिकाणांचे नमुने घेतले असता कोणत्या जाती किती, याबाबत माणसामाणसात प्रचंड फरक दिसला. पण त्या जिवाणूंजवळ असलेल्या चयापचयाच्या क्षमता बऱ्याचशा सारख्या निघाल्या. म्हणजे तेच काम वेगवेगळ्या माणसांत वेगवेगळे जिवाणू करत असू शकतात. ‘आदर्श’ जिवाणूंची एकच यादी कोणी देऊ करत असेल, तर त्याने या निष्कर्षाचे काय केले ते विचारावे.

नमुन्याचे प्रत्यक्षात काय होते हे बाहेर फारसे कोणी सांगत नाही, म्हणून त्यावर थोडे रेंगाळतो. मल हातात आला की तो लगेच उणे ऐंशी अंशांवर गोठवावा लागतो किंवा रक्षक द्रवात मिसळावा लागतो. तो खोलीच्या तापमानाला पडून राहिला की काही जाती वाढत राहतात आणि प्रमाण बदलते. मग वाटाण्याएवढा भाग घेऊन तो अगदी बारीक कठीण मण्यांसह नळीत जोरजोरात हलवतात, म्हणजे पेशी फुटून डीएनए बाहेर येतो. हे हलवणे कमी झाले तर जाड भित्तिकेचे जिवाणू फुटतच नाहीत आणि अहवालात ते ‘कमी’ दिसतात. त्यात आणखी एक खोच अशी, की ई. कोलायच्या पेशीत १६एस जनुकाच्या सात प्रती असतात आणि काही जातींत एकच. प्रती मोजून पेशी मोजल्याचा आव आणला की हिशेब चुकतो. दोन प्रयोगशाळांनी एकच नमुना तपासून वेगळी टक्केवारी दिली तर त्यात लबाडी असतेच असे नाही. पद्धत वेगळी की उत्तर वेगळे.

यापेक्षा गंभीर गोष्ट आहे ती बाहेरून आलेल्या डीएनएची. डीएनए काढण्यासाठी जी रसायने विकत मिळतात, त्यांतही पाण्यातल्या व मातीतल्या जिवाणूंच्या डीएनएचे अंश असतात. २०१४ मध्ये ब्रिटनमधील एका गटाने साल्मोनेला बोंगोरी या एकाच जिवाणूचे शुद्ध संवर्धन घेतले, ते टप्प्याटप्प्याने दहा-दहापट पातळ केले आणि प्रत्येक टप्प्यावर जनुके वाचली. सुरुवातीला सगळे साल्मोनेलाच दिसत होते. जसजसे पातळ होत गेले तसतसे इतर जिवाणू ‘उगवू’ लागले आणि शेवटच्या टप्प्यांत तर त्यांचेच बहुमत झाले. त्यांतला एकही नमुन्यात नव्हता. सगळे रसायनांतून आलेले. मलासारख्या दाट नमुन्यात या अंशांनी काही बिघडत नाही, पण जेथे जिवाणू अत्यल्प असतात वा नसतातच, तेथे यंत्र तरीही काहीतरी वाचून दाखवते.

नेमके हेच गर्भवेष्टनाच्या, म्हणजे वारेच्या, बाबतीत घडले. निरोगी वारेत स्वतःचे जिवाणू असतात आणि बाळाला ते जन्माआधीच मिळतात, असा दावा २०१४ मध्ये झाला आणि तो झपाट्याने पसरला. त्यावर आधारित सल्लेही सुरू झाले. २०१९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या गटाने पाचशेहून अधिक गर्भवतींच्या वारांचे नमुने दोन स्वतंत्र पद्धतींनी तपासले आणि प्रत्येक टप्प्यावर कोरे नमुने, म्हणजे ज्यांत ऊतक नाही अशा नळ्या, सोबत चालवल्या. जवळपास सर्व जिवाणू-संकेत रसायने, उपकरणे किंवा प्रसूतीच्या वेळचा संपर्क यांतून आलेले ठरले. अपवाद एकाच जिवाणूचा, स्ट्रेप्टोकॉकस अ‍ॅगॅलॅक्टीचा. तो सुमारे पाच टक्के नमुन्यांत खरोखर होता आणि तो नवजाताला जंतुसंसर्ग करणारा म्हणून आधीपासूनच ज्ञात आहे. आता कोणताही शोधनिबंध वाचताना मी आधी कोऱ्या नळ्यांचे निकाल शोधतो. ते दिलेले नसतील तर पुढचे रंगीत आलेख पाहण्यात वेळ घालवत नाही.

नमुना शुद्ध असला तरी अर्थ लावताना पाय घसरतो तो दोन ठिकाणी. एक, टक्केवारी. अमुक जिवाणू दहा टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर गेला याचा अर्थ तो वाढला असा होईलच असे नाही. तो आहे तितकाच राहिला आणि बाकीचे निम्म्याहून कमी झाले, तरीही हाच आकडा येतो. एकूण पेशी वेगळ्या मोजल्याशिवाय हा निवाडा होत नाही आणि बहुतेक अभ्यासांत त्या मोजलेल्या नसतात. दुसरे, आजाराच्या आड लपलेली इतर कारणे. टाइप २ मधुमेह असलेल्यांच्या आतड्यातील जिवाणू वेगळे असतात असे काही अभ्यासांनी दाखवले होते. २०१५ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने रुग्णांची औषधे ध्यानात घेऊन तेच पुन्हा तपासले, तेव्हा त्या वेगळेपणाचा मोठा भाग मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्याच गोळीचा परिणाम निघाला. बेल्जियममध्ये हजाराहून अधिक लोकांवर झालेल्या पाहणीत जिवाणूंमधील फरकाशी सर्वांत घट्ट जोडलेली गोष्ट कोणती निघाली, तर मल किती घट्ट वा पातळ आहे ही. बद्धकोष्ठ असलेल्या आणि नसलेल्या दोघांची तुलना करून तिसऱ्याच आजाराचे कारण सापडल्याचा आनंद मानणे सोपे आहे.

कारण शोधायचे तर प्रयोग करावा लागतो आणि त्यासाठी जिवाणूच नसलेला प्राणी लागतो. जिवाणूंशिवाय प्राणी जगूच शकणार नाहीत असे पाश्चरचे मत होते. १८९५च्या सुमारास बर्लिनमध्ये नटल आणि थीरफेल्डर यांनी शस्त्रक्रियेने जन्माला घातलेली गिनीपिगची पिले निर्जंतुक भांड्यात काही दिवस जगवून ते खोडले आणि पुढे अमेरिकेत नोत्र दाम विद्यापीठात जेम्स रेनियर्स यांनी पोलादी कक्षांत अशा प्राण्यांच्या पिढ्या वाढवल्या. असे उंदीर जगतात, पण त्यांच्यात कमतरता दिसतात: मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी फुगून अवाढव्य होते, आतड्यालगतची रोगप्रतिकारक ऊतके खुरटी राहतात आणि आहारात के जीवनसत्त्व दिले नाही तर रक्त गोठण्यात बिघाड होतो. अशा उंदराच्या पोटात एकच जिवाणू सोडून, मग दुसरा सोडून, कशाने काय बदलते हे पाहता येते. आमच्या क्षेत्रातला सर्वांत भक्कम पुरावा याच मार्गाने आला आहे.

आणि सर्वांत फुगवलेला पुरावाही याच मार्गाने आला आहे. रुग्णाचा मल जिवाणूविरहित उंदरात घातला आणि उंदरात आजाराची लक्षणे दिसली, की ‘हा आजार जिवाणूंमुळे होतो’ असा मथळा तयार होतो. २०२०च्या एका समीक्षेत अशा ३८ अभ्यासांचा आढावा घेतला गेला. त्यांपैकी ३६ अभ्यासांनी लक्षणे उंदरात उतरली असे म्हटले होते. इतक्या निरनिराळ्या आजारांत इतके यश खरे असण्याची शक्यता फार कमी आहे, असे समीक्षकांनी सांगितले आणि ते मला पटते. माणसाच्या अनेक जाती उंदरात टिकतच नाहीत. शिवाय उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे एका पिंजऱ्यातल्या सगळ्यांचे जिवाणू लवकरच सारखे होतात. एका रुग्णाचा मल दहा उंदरांना दिला तर ते दहा पुरावे होत नाहीत, एकच होतो. हे संख्याशास्त्र समजावून सांगण्यात माझा बराच वेळ जातो.

पुरावा पूर्ण झाल्याचे उदाहरण हवे असेल तर ते क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जिवाणूच्या संसर्गाचे. १९५०च्या दशकात मार्जोरी बॉनहॉफ आणि फिलिप मिलर यांनी उंदरांना स्ट्रेप्टोमायसिन दिले, तेव्हा एरवी लाखभर साल्मोनेला लागत असत तेथे दहाहून कमी जिवाणूंनी संसर्ग होऊ लागला. म्हणजे आतड्यातले नेहमीचे रहिवासी पहारा देत होते आणि प्रतिजैविकाने तो उठवला. माणसात याचेच प्रतिबिंब म्हणजे प्रतिजैविकांच्या कोर्सनंतर डिफिसिलचे पुन्हा पुन्हा उलटणारे जुलाब. २०१३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या गटाने अशा रुग्णांवर रीतसर चाचणी केली. निरोगी दात्याचा मल पातळ करून नळीवाटे लहान आतड्यात सोडलेल्या १६ जणांपैकी १३ जण पहिल्याच खेपेस बरे झाले, आणखी दोघे दुसऱ्या खेपेस; फक्त व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक घेणाऱ्या १३ पैकी चार बरे झाले. फरक इतका उघड होता की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली.

पण हे घडते कसे? यकृत पित्ताम्ले तयार करते आणि त्यांतील काही डिफिसिलच्या बीजाणूंना जागे करतात. क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्ससारखे मोजके जिवाणू या पित्ताम्लांचे रूप बदलतात आणि बदललेले रूप डिफिसिलची वाढ रोखते. सिंडेन्स दिल्याने उंदरांत प्रतिकार वाढतो हे २०१५ मध्ये दाखवले गेले. नंतरच्या प्रयोगांत असेही दिसले की तो अमिनो आम्लांसाठी डिफिसिलशी चढाओढही करतो. येथे लोकसंख्येतला संबंध, प्राण्यातला प्रयोग, रसायनातली यंत्रणा आणि माणसातली चाचणी, असे चारही धागे एकमेकांशी जुळतात. अमेरिकेत २०२२ आणि २०२३ मध्ये या तत्त्वावरच्या दोन औषधांना मंजुरीही मिळाली. मात्र २०१९ मध्ये दात्याच्या मलातून आलेल्या, अनेक प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या ई. कोलायमुळे एका रुग्णाचा मृत्यू झाला होता आणि त्यानंतर दात्यांची तपासणी कडक झाली. घरच्या घरी हा उपचार करून पाहणारे लोक आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

जवळपास इतकाच पक्का दुसरा दाखला आईच्या दुधातला आहे. दुधात लॅक्टोज आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल घनपदार्थ असतो तो जटिल शर्करांचा आणि बाळाला त्या पचवताच येत नाहीत. बिफिडोबॅक्टेरियम लाँगमचा इन्फँटिस हा उपप्रकार त्या पेशीच्या आत ओढून घेतो आणि पचवतो. त्यासाठी लागणारी जनुके त्याच्याजवळ एका गठ्ठ्यात सापडतात. त्याने सोडलेल्या आम्लांमुळे बाळाच्या आतड्यात कित्येक रोगजंतूंना जम बसवता येत नाही. प्रौढांमध्ये तंतुमय पदार्थांपासून जिवाणू ब्युटिरेट नावाचे छोटे मेदाम्ल बनवतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी आपली बरीचशी ऊर्जा, सुमारे ६० ते ७० टक्के, त्यातूनच मिळवतात.

शरीराच्या इतर भागांत कामे वेगळी आहेत. जिभेच्या मागच्या भागावरील जिवाणू अन्नातल्या नायट्रेटचे नायट्राइट करतात आणि त्यापासून शरीरात रक्तवाहिन्या सैलावणारा नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. योनीतील लॅक्टोबॅसिलस लॅक्टिक आम्ल सोडून तेथील आम्लता राखतात. नाकात राहणारा स्टॅफिलोकॉकस लुग्डुनेन्सिस लुग्डुनिन नावाचे प्रतिजैविक बनवतो. जर्मनीतील ट्युबिंगन येथे २०१६ मध्ये याचा शोध लागला. ज्यांच्या नाकात तो होता त्यांपैकी सुमारे सहा टक्के जणांतच स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा संसर्ग घडवू शकणारा जिवाणू आढळला, इतरांमध्ये मात्र सुमारे ३५ टक्के जणांत. गंमत अशी, की हाच लुग्डुनेन्सिस रक्तात शिरला तर हृदयाच्या झडपांना भयंकर संसर्ग करू शकतो. त्वचेवर निमूट राहणारा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस कृत्रिम सांध्यावर किंवा शिरेतल्या नळीवर चिकटला की हट्टी संसर्ग होतो. म्हणून ‘उपयुक्त’ हे विशेषण जिवाणूच्या नावाला जोडण्याऐवजी वाण, जागा आणि यजमानाची, म्हणजे ज्याच्या शरीरात तो राहतो त्याची, स्थिती या तिघांना मिळून जोडावे, असा आमचा आग्रह असतो. शंभर वर्षांपासून औषध म्हणून वापरला जाणारा ई. कोलाय निसल हा वाणही डीएनएला इजा करू शकणारा कोलिबॅक्टिन नावाचा पदार्थ बनवतो, हे नंतर लक्षात आले.

प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या, गोळ्यांचे मूल्यमापनही याच काट्यावर करावे लागते. ओडिशात ४,५५६ नवजात बालकांवर झालेली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरमचा एक ठरावीक वाण आणि त्याचे खाद्य म्हणून एक शर्करा आठवडाभर दिल्यावर जंतुदोष किंवा मृत्यूचे प्रमाण नऊ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. ही बाळे पुरेशा वजनाची होती. याउलट मुदतीच्या खूप आधी जन्मलेल्या बाळांना जिवंत जिवाणू देण्याबाबत अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी एका बालमृत्यूनंतर २०२३ मध्ये इशारा दिला. मुलांच्या जुलाबांवर सर्रास दिल्या जाणाऱ्या लॅक्टोबॅसिलसच्या अमेरिका आणि कॅनडातील दोन मोठ्या चाचण्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. दोन्हींत फायदा दिसला नाही. त्याच वर्षी वाइझमन संस्थेच्या एका लहान अभ्यासात प्रतिजैविकांनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळचे जिवाणू परतायला उलट जास्त वेळ लागला. या सर्व निकालांमध्ये विसंगती नाही. वाण वेगळे, माणसे वेगळी आणि विचारलेला प्रश्न वेगळा.

आता घरपोच चाचण्यांकडे येतो. त्यांचे यंत्र बहुधा खोटे वाचत नाही; अडचण यंत्राच्या पुढच्या पायरीवर आहे. पद्धतीनुसार टक्केवारी बदलते आणि प्रयोगशाळांना आपले मोजमाप पडताळून पाहण्यासाठी मानवी मलाचा प्रमाणित नमुना अमेरिकेच्या मानक संस्थेने २०२५ मध्ये जाऊन उपलब्ध केला. निरोगी माणसाची ‘सामान्य’ मर्यादा ठरलेली नाही, कारण मानवी मायक्रोबायोम प्रकल्पानेच दाखवल्याप्रमाणे निरोगी माणसेही एकमेकांसारखी नसतात. त्या अहवालातील एखादा आकडा बदलला म्हणून कोणता उपचार करावा, हे सांगणाऱ्या चाचण्या माणसांवर झालेल्या नाहीत. त्यामुळे अहवालासोबत विकली जाणारी भुकटी वा गोळ्या घेण्याचे कारण मला दिसत नाही. संशोधनासाठी नमुना देत असाल तर जरूर द्या.

पोटाच्या तक्रारी खरोखर असतील, विशेषतः मलातून रक्त जाणे, कारणाशिवाय वजन घटणे किंवा रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, तर उपयोगी पडणाऱ्या चाचण्या एकेका गोष्टीचाच शोध घेणाऱ्या असतात. हेलिकोबॅक्टर पायलोरीसाठी श्वासाची चाचणी आहे, ज्यात खुणेचा कार्बन असलेला युरिया प्यायला देतात आणि तो जिवाणू असेल तरच त्याचे विघटन होऊन खुणेचा वायू श्वासात येतो. डिफिसिलसाठी मलातील त्याचे विष तपासतात, आतड्याच्या दाहासाठी मलातील कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन. या चाचण्या पोटविकारतज्ज्ञ लिहून देतात आणि अहवाल हो आला तर काय करायचे व नाही आला तर काय, हे त्यांना चाचणीआधीच ठाऊक असते.